मुनीमजी आणि खसची ताटी

मुनीमजींना पोत्यात घालून खाप्याला सोडून यायचं, असा ठराव होळीनंतरच्या रविवारी आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये मंजूर झाला. विरोधात हात वर करणारी मी एकटीच. माझी सून दिपाली माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, पण तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

मुनीमजी हा बोका. पांढरा, आणि नाकाखाली काळ्या मिशीसारखा डाग. गांधीबागेत आमच्या कापडाच्या दुकानात केशवराव नावाचे मुनीम होते, त्यांची मिशी अगदी अशीच. ते गादीवर डोळे मिटून बसत आणि गिऱ्हाईक समजे की म्हातारा झोपला. गिऱ्हाइकाने कापडाच्या थानाला हात लावला की मिटल्या डोळ्यांनीच भाव सांगत. हा बोका पहिल्यांदा माझ्या मागच्या ओट्यावर येऊन बसला तोच तसा, डोळे मिटून, कान उघडे ठेवून. मी म्हटलं, "या मुनीमजी." तेव्हापासून तो येतो. मुलगा आणि दिपाली ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत घरात बोलायला तोच. उत्तर देत नाही, पण मी बोलत असताना मध्येच उठूनही जात नाही. गांधीबाग सोडून नागपूरच्या या टोकाला, बेसामध्ये, राहायला आल्यापासून असं ऐकणारं मला दुसरं कोणी मिळालेलं नाही.

त्याच्यावर आरोप ठेवला होता स्कीमचे सेक्रेटरी रुपरावजी गावंडे यांनी. ते आमच्या अगदी वर, पहिल्या मजल्यावर राहतात. मूळचे खाप्याचे, तिथे त्यांची संत्र्याची बाग आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांना चिमण्यांची काळजी लागली. इतकी, की त्यांनी लाकडी घरटी करवून घेतली, पोपटी रंग दिला आणि कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने ठोकली. दोन उन्हाळे गेले, एकाही घरट्यात चिमणी आली नाही. एकात मुंग्या आल्या, एकात कोणाच्या तरी पोराचा चेंडू अडकला. त्यांच्या बायकोने, गोपिकाबाईंनी, मला हळूच विचारलं होतं, "पोपटी रंगाच्या पेटीत, भर उन्हात, कोणती बाई बाळंत होईन वं, सिंधूताई?"

यंदा मात्र चमत्कार झाला. रुपरावजींनी एक घरटं आपल्या मागच्या खिडकीच्या गजाला, कूलरच्या शेजारी बांधलं होतं. फाल्गुनात त्याच्या छपरावर चिमणा-चिमणी येऊन बसू लागली आणि काही दिवसांनी आतून बारीक चिवचिव ऐकू यायला लागली. रुपरावजींनी तो आवाज मोबाइलवर घेतला आणि स्कीमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या घरट्यात पाहुणे आले आहेत. कृपया मागच्या बाजूला फटाके, हॉर्न, मोठ्याने बोलणे टाळावे." मग त्यांचं लक्ष मुनीमजींकडे गेलं.

"पुरावा आहे माह्यापाशी," त्या रविवारी ते मोबाइल उंच धरून म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यातला फोटो. मागच्या गेटपाशी. तोंडात पिल्लू आहे. पाहून घ्या सगळे. मिशा बी दिसून राहिल्या."

"मिशा तर तुमच्या पण आहेत," मी म्हटलं.

सगळे हसले. रुपरावजी नाही हसले.

"सिंधूताई, हा हसायचा विषय नाही. शहरात चिमणी दिसून नाही राहिली. काहून? मांजरं. जिकडं तिकडं मांजरं. मी वाचलं आहे."

"आमच्या गांधीबागेत तीन मांजरं होती," मी म्हटलं. "गोदामात उंदरांनी थानं कुरतडू नयेत म्हणून सासऱ्यांनी पाळलेली. आणि चिमण्या तर इतक्या, की सुपात तांदूळ घेऊन बसलं की माझ्याआधी त्याच निवडायच्या."

"तवा मांजरीले उंदीर होते खायले. आता उंदीर पेस्ट कंट्रोलवाला नेते."

"मग त्यात मुनीमजींचा काय दोष?"

"दोष नाही. सवय आहे. सवयीनंच चिमण्या जाऊन राहिल्या ना."

"आणि मागच्या कुंपणाला मेंदी होती, ती?" मी विचारलं. "संध्याकाळी त्यात एवढा कलकलाट असायचा की मला टीव्ही मोठा करावा लागे. ती मेंदी उपटून फरशा कोणी बसवल्या?"

रुपरावजींनी मोबाइल खाली घेतला. "गाड्यायले जागा नव्हती."

"चिमण्यांना होती का?"

इथे माझी बाजू जरा वर आली होती, असं मला अजूनही वाटतं. पण दिपालीने खाकरून घसा साफ केला. "आई, मले खोटं नाही बोलता येत. परवाच मी पायपुसण्यावरून पिसं झाडली."

"ती कबुतराची होती."

"पिसं होती ना पण."

झालं. ठराव मंजूर. पुढच्या रविवारी रुपरावजी आपल्या गाडीने मुनीमजींना बागेत नेऊन सोडणार. "तिथं उंदरायचा तोटा नाही," ते मला समजावत म्हणाले. "राजासारखा राहीन. तुमाले पाहायचं असन तर नेईन ना मी, दिवाळीत." आणि संध्याकाळी एक स्वच्छ धुतलेलं पोतं माझ्या ओट्यावर ठेवून गेले. बोक्याला त्याचा वास आधीच ओळखीचा व्हावा म्हणून. माणूस वाईट नाही, हेच तर कठीण होतं.

त्या आठवड्यात मी मुनीमजींना दूधभात जरा जास्तच दिला. तो खायचा आणि त्या पोत्यावरच जाऊन झोपायचा. त्याला काय माहीत. मी त्याला गांधीबागेतलं सांगत बसायचे. वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड, खाली दुकान. दुकानातल्या चिंध्या आणि दोरे चिमण्या उचलून न्यायच्या, त्यामुळे आमच्या घरातली घरटी रंगीबेरंगी असत. लक्ष्मीच्या तसबिरीमागे एक, माळ्यावर एक, आणि एक दरवर्षी दुकानातल्या छताच्या पंख्याच्या वाटीत. ते पंख्यातलं घरटं लागलं की सासूबाई जिन्यातून अर्ध्या उतरून जाहीर करायच्या, "पंखा बंद." पिल्लं उडेपर्यंत पंख्याचं बटण कोणी दाबायचं नाही. म्हणून त्या बटणावर त्या खडूने फुली मारून ठेवत. भर चैत्रात सासरे, केशवराव आणि लग्नाची खरेदी करायला आलेली गिऱ्हाइकं घामाने निथळत, हातपंखे हलवत बसायची. सासरे कुरकुरायचे, "चिमणीचं बाळंतपण आणि दिवाळं माझं." पण बटण दाबायची त्यांचीही हिंमत नव्हती. गिऱ्हाईकही आधी वर बघायचं, मग बसायचं. कोणाला ते विचित्र वाटत नसे. मलाही वाटलं नाही, आज सांगताना वाटतं.

मुनीमजींनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं.

शनिवारी, म्हणजे त्याच्या जाण्याच्या आदल्या दिवशी, स्कीममध्ये कूलरचं गवत बदलायचं काम निघालं. आमच्या नागपुरात होळी पेटली की थंडी गेली असं धरतात आणि घरोघरी कूलर उघडतात. बाकी वर्षभर कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभे, धूळ खात. मग त्यांच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवत भरलेल्या चौकटी, काढायच्या, जुनं गवत फेकायचं, नवं भरायचं, टाकी घासायची. रुपरावजींनी याचीही सोय एकत्र केली होती. एकच कूलरवाला बोलावून त्यांनी सगळ्या घरांचं काम त्याला दिलं. सकाळपासून मागच्या बाजूच्या खिडक्यांतून जुनं गवत खाली पडत होतं आणि मागच्या गेटपाशी त्याचा ढीग झाला होता. रुपरावजी डोक्याला उन्हाचा दुपट्टा बांधून खाली उभे राहून सूचना देत होते. मधूनमधून वर आपल्या पोपटी घरट्याकडे प्रेमाने पाहत होते.

"त्या घरट्याले धक्का नको लावू बरं का गा!" ते वर ओरडले. "आत पिल्लं आहेत!"

कूलरवाल्याने मान डोलावली आणि घरट्याला अजिबात धक्का न लावता शेजारच्या कूलरची ताटी काढून खाली सोडली.

मी ओट्यावर मेथी निवडत होते. मुनीमजी पोत्यावर. ताटी पडल्याचा आवाज झाला आणि त्याचे दोन्ही कान ताठ झाले. डोळे उघडले. मुनीमजींचे डोळे मी इतके मोठे कधी पाहिले नव्हते. तो उठला, पोट जमिनीला घासत ढिगाकडे गेला. मी म्हटलं, "कुठे निघालात?" तो थांबला नाही. मी मेथी टाकून उठले, पण माझे गुडघे काही एका हाकेत उठत नाहीत. पोचले तोवर त्याने ढिगात तोंड घातलं होतं आणि वर काढलं तेव्हा त्याच्या मिशांमध्ये काहीतरी होतं. लहानसं, गुलाबी.

"मुनीमजी! टाका! टाका म्हणते ना!"

त्याने टाकलं नाही. मिटल्या तोंडाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीखाली गेला.

पाहिलंत? आठवडाभर ज्याची वकिली केली, त्याने माझ्या डोळ्यांदेखत गुन्हा केला. मी तिथेच उभी राहिले. रुपरावजींनी मागे वळून पाहिलं नव्हतं. ते वर तोंड करून कूलरवाल्याला टाकी घासायला सांगत होते. मी गप्प घरात गेले असते तर कोणाला कळलं नसतं. पण ढिगातून अजून आवाज येत होता.

मी वाकले. गवत बाजूला केलं. कागदाचे तुकडे, सुतळी, कोंबडीचं एक पीस, दिपालीच्या ओढणीचा जांभळा गोंडा, सगळं एकमेकांत विणलेलं, आणि त्यात दोन पिल्लं. चोची उघडून, डोळे धड उघडलेले नाहीत. घरटं ताटीच्या आतल्या बाजूला चिकटलेलं होतं. ती ताटी मी हाताने चाचपली आणि मला तिचा वास आला.

खस. म्हणजे वाळा; ओली नसली तरी खस लपत नाही. आमच्या अख्ख्या स्कीममध्ये सगळ्यांच्या कूलरला लाकूड तासून केलेलं साधं गवत. खसची ताटी लावणारं घर एकच. "गवताची हवा हवा नाही," असं रुपरावजी दर उन्हाळ्यात सगळ्यांना ऐकवतात.

मी पदराची झोळी केली, घरट्यासकट पिल्लं तीत घेतली आणि रुपरावजींच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

"रुपरावजी, तुमचे पाहुणे."

ते वळले. पदरात पाहिलं. मग वर पोपटी घरट्याकडे पाहिलं. मग पुन्हा पदरात.

"हे कुठून आणले?"

"तुमच्या कूलरमधून."

"कसं शक्य आहे? पिल्लं तर घरट्यात आहेत. मी रोज ऐकून राहिलो ना."

"तुम्ही ऐकून राहिले," गोपिकाबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या. "पाहिलं का कधी आत? मी शंभरदा म्हणलं, अहो, आवाज कूलरमधून येऊन राहिला. तर म्हणे, तुले काय समजते." आणि त्यांनी हात लांब करून गजावरचं पोपटी घरटं काढलं, उलटं केलं, झटकलं. त्यातून एक वाळकं पान पडलं. ते गिरक्या घेत खाली आलं आणि रुपरावजींच्या चपलेवर बसलं.

चिमण्या त्या घरट्याच्या छपरावर फक्त टेकत होत्या. तिथून आजूबाजूला पाहायचं आणि कूलरच्या जाळीतून आत जायचं. माणसाच्या घराबाहेरच्या ओट्यासारखा उपयोग.

रुपरावजींनी चपलेवरचं पान झटकलं. मग एकदम म्हणाले, "मागच्या वर्षीचा फोटो..." आणि खिशातून मोबाइल काढला. मीही चष्मा सरकवून पाहिलं. मुनीमजी, मिशा, तोंडात पिल्लू. आणि त्याच्या मागे, तेव्हा कोणाच्याच लक्षात न आलेला, जुन्या गवताचा ढीग. मागच्या वर्षीही होळीनंतरच, मागच्या गेटपाशीच.

"आपणच फेकलं," ते म्हणाले. अगदी हळू.

मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "दोन राहिली आहेत. तिसरं होतं," मी म्हटलं. "ते आत्ता मुनीमजींनी नेलं. मी पाहिलं."

रुपरावजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, पाहा, मी म्हणालो नव्हतो? पण ते कूलरवाल्याला ओरडले, "थांब गा! नवी ताटी नको लावू! जुनीच लाव!"

"साहेब, तिचं गवत पार गेलेलं आहे," तो वरून म्हणाला.

"गेलं तर गेलं!"

मग खसची ताटी पुन्हा वर गेली. घरटं तिच्या आत सुतळीने बांधलं, पिल्लं ठेवली, ताटी जागेवर बसवली. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लांना घेत नाही, असं कूलरवाला म्हणाला, गोपिकाबाईही म्हणाल्या. मी म्हटलं, गांधीबागेत पंख्यातून पिल्लू पडलं की केशवराव दोन बोटांनी उचलून टेबलावर चढून परत ठेवायचे आणि चिमणी येऊन घ्यायची. आम्ही सगळे खाली पार्किंगच्या सावलीत बसलो. दिपाली चहा घेऊन आली. कोणी बोललं की रुपरावजी "श्शू" करायचे. चहा निवला. गोपिकाबाईंनी खाली आणलेलं पोपटी घरटं पायाशी पडलं होतं. चिमणा एकदा आला, गजावर बसला, त्याचा तो टेकायचा ओटा जागेवर नाही हे पाहून उडून गेला.

"अहो, ते घरटं लावा ना परत!" दिपाली कुजबुजली.

गोपिकाबाईंनी लगबगीने वर जाऊन ते गजाला बांधलं. थोड्या वेळाने चिमणी आली. छपरावर बसली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि चोचीतलं घेऊन कूलरमध्ये गेली. आतून असा गलका उठला की रुपरावजींनी डोळ्याला दुपट्टा लावला. म्हणाले, घाम आला.

रविवारी खाप्याला गाडी गेली नाही. ठराव मागे घेतला असंही नाही. रुपरावजींनी पार्किंगमध्ये सगळ्यांपुढे सांगितलं की बोका निर्दोष नाही, पण त्याच्या आधी आपल्याला शिक्षा व्हायला पाहिजे. म्हणून यापुढे कूलर उघडण्याआधी प्रत्येकाने आत हात घालून पाहायचं, आणि घरटं असेल तर त्या घराचा कूलर बंद. आणि मुनीमजींच्या गळ्यात घुंगरू. ते घुंगरू त्यांनी स्वतःच आणलं, नातवाच्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलाच्या गळ्यातलं. मुनीमजींनी पहिला दिवस मला तोंड दाखवलं नाही.

मग नागपूरचा उन्हाळा सुरू झाला. रुपरावजींचा कूलर बंद. गोपिकाबाईंनी बटणावर कागद चिकटवून त्यावर फुली मारली. ही फुलीची कल्पना माझी. दुपारी वरचं घर भट्टीसारखं व्हायचं आणि जेवण झालं की रुपरावजी ओला दुपट्टा मानेवर टाकून माझ्या दारात उभे. "सिंधूताई, थोडं बसू का?" माझ्या कूलरसमोर आरामखुर्ची टाकून बसायचे आणि दोन मिनिटांत घोरायचे. त्यांच्या पायाशी, पोत्यावर, मुनीमजी. दोघांच्या मिशा एकाच हवेने हलायच्या.

"गवताची हवा कशी वाटते?" मी एकदा विचारलं.

"हवा आहे," डोळे न उघडता ते म्हणाले.

पिल्लं उडाली त्या सकाळी गोपिकाबाईंनी वरून हाक मारली. रुपरावजी धावत खाली आले, ते आधी माझ्या ओट्यावर, आणि त्यांनी मुनीमजींना दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मुनीमजींना हे आवडलं नाही. त्यांनी ते नखांनी स्पष्ट सांगितलं. रुपरावजींनी सोडलं नाही. एक पिल्लू पोपटी छपरावर आलं, तिथून धपकन आमच्या तुळशीवर, तिथून भिंतीवर. दुसरं बराच वेळ कूलरच्या जाळीतच बसून राहिलं.

"उडून नाही राहिलं ना हे," रुपरावजी म्हणाले. हातावरून रक्ताची बारीक रेघ ओघळत होती.

"येईल. पहिल्यांदा उडताना तसंच होतं," मी म्हटलं.

ते आलं. भिंतीपर्यंत पोचलं नाही, मागच्या फरशीवर पडलं, जिथे पूर्वी मेंदी होती. तिथे लपायला काही नव्हतं. ते उघड्यावर फडफडत राहिलं आणि रुपरावजी मुनीमजींना घट्ट धरून त्या उघड्या फरशीकडे पाहत राहिले. चिमणी खाली आली, त्याच्याभोवती ओरडत नाचली. पिल्लू कसंबसं उडालं आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या बाभळीत दिसेनासं झालं.

"तिथं बी स्कीम येऊन राहिली," रुपरावजी म्हणाले. "बोर्ड लागला आहे."

मग त्यांनी मुनीमजींना खाली ठेवलं. घुंगरू वाजवत तो पोत्यावर जाऊन बसला आणि अंग चाटायला लागला.

आता पावसाळ्याच्या तोंडावर त्या फरशांचा एक पट्टा उखडला आहे. मेंदीच्या काड्या रुपरावजींनी खाप्याहून आणल्या, पोत्यातूनच. पोतं मात्र दुसरं. ओट्यावरचं मुनीमजी देत नाहीत. दोन गाड्या आता रस्त्यावर उभ्या राहतात, त्यातली एक रुपरावजींची. ते आळ्यात पाणी घालतात आणि मी ओट्यावरून सांगते, जरा दाट लावा.

"पण सिंधूताई, एक पिल्लू तर त्यानंच खाल्लं," ते अजून म्हणतात.

"हो. आणि त्याच्या तोंडाशी कोणी टाकलं?"

"ते आहेच. पण खाल्लं ना त्यानं."

मुनीमजी डोळे मिटून ऐकत असतो.